दहा म्हणजे किती

आमच्या ह्यांना सगळा बाजार काटेसाहेब म्हणायचा. ते आमचं आडनाव नव्हे. हे वजनमाप खात्यात निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचा, खरा असला तर शिक्का मारायचा, खोटा असला तर उचलून आणायचा, हे एकतीस वर्षं केलं. त्यात साहेब म्हणण्यासारखं काय होतं कोण जाणे. दुकानदार तोंडावर साहेब म्हणायचे आणि पाठ वळली की जे म्हणायचे ते मी सामान आणायला गेले की माझ्या कानावर यायचं. दुसऱ्या बायकांना साखर तोलली की वर चिमूटभर पडायची. माझ्या वेळी मेले काट्याकडे डोळे लावून दाणा दाणा टाकायचे, आणि वर हसायचे.

घरातही तीच तऱ्हा. लग्नाला आठवडा झाला नव्हता तर ह्यांनी माझी शिवणाची टेप काढून स्वतःच्या पोलादी पट्टीला लावून बघितली. मी शाळेत शिवण शिकवायचे. टेप तीन मिलिमीटर ताणलेली निघाली. नव्या बायकोला माणूस काय म्हणेल? निदान हसेल तरी. ह्यांनी कात्री आणली, टेपेचे दोन तुकडे केले आणि कचऱ्यात टाकले. म्हणाले, खोटं माप घरात नको. त्या टेपेवर बेतलेले झगे घालून शाळेतल्या निम्म्या मुली हिंडत होत्या, एकीचंही काही अडलं नव्हतं.

ह्यांची एक लाकडी पेटी होती. आत मखमल, आणि मखमलीच्या खाचांत लहानमोठी पितळी वजनं. ही म्हणे खात्याची प्रमाण वजनं, त्यांच्यावरून गावातली बाकीची वजनं ताडून बघायची. बोटाचा घाम लागला तरी फरक पडतो म्हणून ती चिमट्याने उचलायची आणि मऊ पिवळ्या फडक्याने पुसायची. रोज सकाळी पुसणं चालायचं. माझा हात इतक्या जपून कधी धरला असेल तर शपथ. निवृत्त झाले तेव्हा पेटी खात्यात जमा केली, फडकं मात्र घरी आणलं. आजही खिशात असतं.

आणि बोलणं? त्याचं नाव काढू नका. काय झालं विचारलं तर 'काही नाही', बरं वाटतंय का तर 'ठीक', राग आलाय का तर पुन्हा 'काही नाही'. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं मी मनाशी म्हणायचे आणि गप्प बसायचे. मी गप्प बसायचे म्हणजे कमीच.

आता मुद्द्याचं सांगते, म्हणजे मी एवढी का करवादते ते कळेल. आमची पहिली मुलगी सव्वा वर्षाची होऊन गेली. तापाने. सकाळी गेली. तिचं सगळं आटोपून आम्ही दुपारी घरी आलो, आणि या माणसाने पेटी उचलली आणि कामावर गेला. डोळ्यांत टिपूस नाही. मी दारात बसून राहिले. वाटलं, उद्या तरी जवळ बसेल. दुसऱ्या दिवशीही गेला, तोही नेहमीपेक्षा लवकर. त्यानंतर तिचं नाव या घरात ह्यांच्या तोंडून निघालं नाही. पुढे मुलगा झाला, शिकला, परगावी गेला, सगळं रीतसर झालं. पण मी एक्केचाळीस वर्षं एकाच गोष्टीची वाट बघत होते. त्या दिवशी ह्यांना काही वाटलं होतं की नव्हतं, ते मला ह्यांच्याकडून कळायला हवं होतं. वाटलं नसेल तर तसं सांगा, तेही चालेल. आणि मग ह्यांना आतड्याचा कॅन्सर निघाला, आणि ते कळायला आता किती दिवस उरलेत याचा हिशेब मी करायला लागले.

रोगानेही माणूस सुधारला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते उगाच नाही. पहिल्याच दिवशी इस्पितळात ह्यांना वजनाच्या यंत्रावर उभं केलं, तर खाली उतरून म्हणतात, हे यंत्र शेवटचं कधी तपासलं होतं? नर्सने कपाळाला आठ्या घातल्या. औषधाचा डोस वजनावरून ठरतो ना, मग वजन बरोबर नको का, असं ह्यांचं म्हणणं. यंत्र साडेचारशे ग्रॅम जास्त दाखवत होतं ते शेवटी ह्यांनीच सिद्ध केलं, आणि त्या दिवसापासून तिथल्या सगळ्या नर्सा माझ्याकडे कीव आल्यासारख्या बघायला लागल्या.

दर मंगळवारी औषध चढवायला जायचं. लांबलचक खोली, बारा खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी सलाईनचा दांडा. तीन तास बसायचं. तिथल्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी एक अभ्यास काढला होता. संगीत ऐकून रोग्यांच्या मनाचा त्रास किती कमी होतो ते मोजायचं. त्यासाठी एक व्हायोलिनवाले गृहस्थ आणले होते, मानेपर्यंत केस, रेशमी गळपट्टा. अर्धा तास वाजवायचे. वाजवताना डोळे मिटायचे, म्हणजे बारा जणांत कोण ओकतंय ते बघायला नको. वाजवण्याच्या आधी आणि नंतर चाळिशीची एक बाई कागद घेऊन प्रत्येकाजवळ जायची. तिला सगळे फॉर्मवाली म्हणायचे. कागदावर तापमापकाचं चित्र, खाली शून्य, वर दहा. शून्य म्हणजे अजिबात त्रास नाही, दहा म्हणजे सहन होणार नाही इतका. तुमचा आत्ता किती, एवढं सांगायचं.

लोक सांगायचेही. सातवरून चार, सहावरून तीन. न सांगून करतात काय? वाजवणारा समोर घाम पुसत उभा, फॉर्मवाली हसून विचारतेय, अशा वेळी त्रास वाढला म्हणायला जीभ रेटते का कोणाची? कोणाकडे जेवायला गेलो आणि घरच्या बाईने विचारलं कसं झालं होतं, तर मीठ जास्त होतं असं आपण म्हणतो का? खिडकीपाशी बसणाऱ्या एक बाई तर वाजवणं सुरू व्हायच्या आधीच दोन्ही आकडे सांगून मोकळ्या व्हायच्या. आणि डॉक्टरीणबाई हे आकडे घेऊन हरखून जायच्या. मी शिवणाच्या वर्गात मुलींना इतक्या सैल हाताने गुण दिले असते तर मुख्याध्यापिकेने मला घरी बसवलं असतं.

आमच्या ह्यांना फॉर्मवालीने विचारलं मात्र, ह्यांनी तो कागद उलटा केला, पालटा केला, आणि विचारलं, "दहा म्हणजे किती?"

ती म्हणाली, सहन होणार नाही इतका त्रास. हे म्हणाले, असा त्रास मला कसा माहीत असणार? आजवर जो आला तो सहन झालाच आहे, म्हणून तर मी इथे बसलोय. मग शून्य म्हणजे काय ते विचारलं. तिला तेही नीट सांगता येईना. हे म्हणाले, ज्या मापाला प्रमाण नाही ते माप नव्हे, मला एक आठवडा द्या. आजूबाजूचे रोगी हसले. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्या आठवड्यात हे रोज सकाळी टेबलाशी बसून कागदावर काहीतरी लिहायचे, खोडायचे, पुन्हा लिहायचे. काय चाललंय म्हटलं तर 'मापाचं काम'. मी नाक मुरडलं आणि आत गेले. पुढच्या मंगळवारी ह्यांनी दोन पानं, खाली सही आणि तारीख घालून, फॉर्मवालीच्या हातात दिली आणि म्हणाले, आता विचारा. तिने ती पानं फाईलला लावली आणि आकडा विचारला. वाजवण्याआधी तीन. नंतर पाच.

मला वाटलं चूक झाली. पुढच्या मंगळवारी आधी तीन, नंतर सहा. त्याच्या पुढच्या मंगळवारी पुन्हा तीन आणि सहा. सगळ्यांचा उतरतोय आणि एकट्या आमच्या साहेबांचा चढतोय. व्हायोलिनवाल्यांनी आधी सूर बदलून बघितले, मग जलद वाजवून बघितलं, मग ह्यांच्याकडे पाठ करून वाजवायला लागले. आम्ही आत शिरलो की डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडायचा. बरं, माणसाला संगीत आवडत नसेल तर सांगून टाकावं, तर तसंही नाही. हे खुर्चीत ताठ बसून शेवटपर्यंत ऐकायचे, आणि मंगळवारी सकाळी माझ्याआधी तयार होऊन बसायचे.

मी समजावलं. म्हटलं, अहो, जरा चार लोकांसारखं वागा, दोन सांगितलंत तर काय बिघडेल? हे म्हणाले, काटा दाखवतो ते सांगतो. पालथ्या घड्यावर पाणी!

पाचव्या मंगळवारी मीच एक उद्योग केला. वाजवणं संपलं तेव्हा हे सलाईनचा दांडा घेऊन बाथरूममध्ये गेले होते. फॉर्मवाली आली. मी म्हटलं, ह्यांनी सांगून ठेवलंय, दोन लिहा. तिने लिहिलं. तिच्याही चेहऱ्यावर हुश्श झालेलं दिसलं. हे परत आले, कागदावर नजर टाकली, आणि तो दोन बघून उभ्या माणसाचा रंगच उडाला. रोग सांगितला तेव्हाही असा उडाला नव्हता. फॉर्मवालीकडून कागद मागून घेतला, दोनावर आडवी रेघ मारली, शेजारी सहा लिहिलं, सही केली. माझ्याकडे बघितलंही नाही.

बसमध्ये माझा तोल गेला. मी म्हटलं, एका आकड्यासाठी मला त्या बाईसमोर खोटी पाडलीत. मोठा आलाय तुमचा काटा! आणि मग एक्केचाळीस वर्षं जिभेवर ठेवलेलं बाहेर आलं. मी विचारलं, "मुलगी गेली त्या दिवशी तरी तुमचा काटा हलला होता का?"

बस भरलेली होती. पुढच्या बाकावरचा एक जण मागे वळून बघायला लागला. हे खिडकीबाहेर बघत बसले. मला उत्तर मिळालं असं मी समजले. खरं सांगते, त्या आठवड्यात मी ह्यांचा स्वयंपाक केला, औषधं दिली, अंथरूण घातलं, पण एकदाही ह्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही.

सहाव्या मंगळवारी ह्यांना सुई टोचून झाली तसं डॉक्टरीणबाईंनी मला एकटीला त्यांच्या खोलीत बोलावलं. हे बाहेर खुर्चीत, औषध सुरू झालेलं, व्हायोलिन सुरू झालेलं. समोर फॉर्मवाली फाईल घेऊन बसलेली. डॉक्टरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "आजी, आम्हाला वाटतं आजोबांनी हे माप उलटं धरलंय." आजी म्हणे! त्यांचीही पन्नाशी उलटलेली. त्यांचं म्हणणं असं की आजोबा त्रासाचा आकडा सांगत नाहीत, वाजवणाऱ्याला गुण देतात. वाजवणं आवडलं की गुण वाढवतात. वय झालं की होतं असं. तेव्हा त्यांचे आकडे अभ्यासातून काढून टाकायचे, तुम्ही फक्त इथे सही करा.

मी पेन उचललं होतं. हात दाखवून अवलक्षण ज्यांनी केलं त्यांनीच निस्तरावं, मला काय त्याचं, असं मनात म्हणत होते. तेवढ्यात फॉर्मवाली खाली बघून म्हणाली की त्यांना उलटं समजलेलं नाही, त्यांनी सुरुवातीलाच लिहून दिलंय. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं नव्हतं. दोन पानं होती ना. आकडा असता तर वाचला असता. फॉर्मवालीने फाईलमधून पानं काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

अक्षर ह्यांचं, शाईचं, एकेक ओळ पट्टीने आखल्यासारखी. शून्य: सकाळी वजनं पुसताना. एक: बस चुकणे. दोन: खोटा काटा उचलताना दुकानदाराची मुलं समोर उभी असणे. तीन: खोट्या काट्यावर शिक्का मार असं वरिष्ठांनी सांगणे, मारला नाही. चार: डॉक्टरांनी रोग सांगितला तो दिवस. त्याखाली लिहिलं होतं, पाच ते नऊ यांसाठी माझ्याजवळ प्रमाण नाही, ते आकडे मधलं अंतर समान भागून काढले आहेत. आणि मग दहा. दहाच्या पुढे तारीख होती. ती तारीख मला कोणी वाचून दाखवायला नको होती.

पुढचं मी जसंच्या तसं सांगते, कारण आता ते मला पाठ आहे. "मुलगी गेली. दुपारी कामावर गेलो, कारण हिच्यासमोर उभं राहवेना. अकरा दुकानांतले काटे तपासले. डोळ्यांतल्या पाण्यामुळे एकाही काट्यावरचा आकडा वाचता आला नाही. अकरा शिक्के न बघता मारले. दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन अकराही पुन्हा तपासले, तीन खोटे निघाले. सबंध नोकरीत न बघता मारलेले शिक्के एवढेच. हे कोणाला सांगितलेलं नाही."

दुसरं पान जवळजवळ कोरंच होतं. वर दोनच ओळी होत्या. पहिल्या मंगळवारी नुसतं ऐकलं, वाजत असताना हाताला काम नसतं, म्हणून तिची आठवण येते. वाजवणारे चांगलं वाजवतात, त्यांचा दोष नाही, वाजवणं बंद करू नये.

मी ते तीनदा वाचलं. मला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. एक्केचाळीस वर्षं मी ज्या दुसऱ्या दिवसासाठी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्या दिवशी हा बाबा बाजारात जाऊन स्वतःचे शिक्के खरवडत होता! आणि सांगितलं कोणाला, तर पाच आठवड्यांची ओळख असलेल्या फॉर्मवालीला, आणि तेही लेखी. बायकोसाठी वेगळा फॉर्म काढायला हवा होता की काय?

डॉक्टरीणबाईंनीही पानं वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, हे फारच हृद्य आहे. मग म्हणाल्या, पण अभ्यासात धरता येणार नाही. बाकी अकरा जणांचे आकडे छान उतरताहेत, एकामुळे सगळं बिघडतं. मी सही केली. पेन परत देताना म्हटलं, "त्या अकरांवर शिक्का मारा आणि मोकळ्या व्हा." त्यांना काही कळलं नाही. फॉर्मवालीला कळलं असावं, ती फाईलमध्ये डोकं घालून बसली.

बाहेर आले. व्हायोलिन चालूच होतं, गृहस्थ डोळे मिटून, आमच्याकडे पाठ करून. मी एक स्टूल ओढलं आणि ह्यांच्या खुर्चीला लावून बसले. हे समोर बघत होते. हात मांडीवर रिकामे ठेवलेले, एका हातात सुई. काय म्हणाल्या, असं ह्यांनी विचारलं. मी म्हटलं, नापास केलं तुम्हाला. ह्यांनी मान हलवली. मी म्हटलं, कागद वाचले. यावर ह्यांनी मान हलवली नाही.

वाजवणं थांबलं. फॉर्मवाली फेरीला निघाली. ह्यांना विचारायचं आता कारण नव्हतं, तरी येऊन उभी राहिली. हे म्हणाले, सहा. तिने कुठे लिहिलं की नाही ते मी बघितलं नाही. मी म्हटलं, माझाही विचारा. ती म्हणाली, नातेवाईक या अभ्यासात येत नाहीत.

तेव्हा ह्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. अगदी काटा तपासायला आल्यासारखं विचारलं, "दहा कशाला धरलंस?"

"तुम्ही धरलंत त्यालाच."

"मग किती?"

"नऊ."

ह्यांच्या कपाळाला आठी पडली. एकच प्रमाण धरलं तर दोन काटे इतके वेगळे कसे दाखवतील, हे त्या आठीत मला स्वच्छ दिसलं. मी म्हटलं, "सहा तिचे. वरचे तीन तुमचे. एक्केचाळीस वर्षं तोंड उघडलं नाहीत त्याचे."

फॉर्मवाली पुढच्या खुर्चीकडे सरकली. तिकडे सातवरून चार झालं. ह्यांनी सलाईनचे थेंब मोजून बघितले. मग म्हणाले, "म्हणजे मापात पाप माझंच." आणि मोकळ्या हाताने खिशातलं ते पिवळं फडकं काढून डोळ्यांना लावलं. वजनं पुसायचं फडकं! ज्याला माझा ओला हात कधी लागू दिला नाही, ते नाका-डोळ्यांना लावून हा माणूस भर खोलीत, अकरा जणांसमोर, लहान मुलासारखा हुंदके देत होता. व्हायोलिनवाल्यांनी वळून बघितलं आणि त्यांना वाटलं आपल्या वाजवण्यामुळेच. वाटू दे बिचाऱ्यांना.

आता औषधं संपलीत, हे घरीच असतात. बाटलीबरोबर आलेलं औषधाचं झाकण दहा मिलिलिटरचं नसून साडेनऊचं आहे हे ह्यांनी शोधून काढलंय आणि कंपनीला पत्र लिहिताहेत. डॉक्टरीणबाईंचा अभ्यास छापून आला. त्रास सरासरी तीनने उतरतो असं त्यात सिद्ध झालंय. ह्यांचं रडणं त्यात कुठे नाही. ते मी माझ्याकडे लिहून ठेवलंय, सहावा मंगळवार, अकरा वाजून वीस मिनिटं, आणि खाली सही आमच्या दोघांची आहे.